साताऱ्याचं बाळंतपण

“बाळंतपणाला इकडे लेस्टरला ये. जर्मनीत नको आणि पुण्यालाही नको,” असं सासूबाई दोनदा म्हणाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा तनयाने “बघू या हं, आई,” म्हणत ते कानाआड केलं होतं. आता चार महिन्यांची ईप्सिता जर्मनीतच, झिंडेलफिंगेनच्या त्यांच्या स्वयंपाकघरात, फरशीवर अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर उताणी पडली होती आणि समर्थ तिच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, कॅमेरा खाली रोखून उभा होता.

“हात धर तिचा. तोंडात घालतेय.”

“धरला तर माझा हात येईल फोटोत.”

“मग हसव.”

“हसायचंही नाही म्हणे. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, मान सरळ. चार महिन्यांच्या पोरीकडून किती त्या अपेक्षा तुझ्या राणी सरकारच्या!”

“राणीला नावं ठेवू नकोस. जर्मनांनी फोटो मागितला असता तर कानांचं मापही घेतलं असतं.”

ईप्सिताने जांभई दिली. कॅमेरा नेमका तेव्हाच चमकला.

समर्थ हसत हसत चादरीवरच बसला. कागदपत्रांची त्याला कधी धास्ती वाटलीच नव्हती. तीन महिन्यांचा असताना तो आईच्या मांडीवर इंग्लंडात, लेस्टरला आला, तिथेच वाढला, आणि गाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी झिंडेलफिंगेनला आला तेव्हा राटहाउसमध्ये, नगरपालिकेत, जाऊन पत्ता नोंदवला की झालं, एवढंच त्याला करावं लागलं होतं. लग्न होऊन पुण्याहून तनया आली आणि आउसलेंडरबेहोर्डेची, परक्यांच्या त्या कचेरीची, वारी सुरू झाली ती तिच्यामुळे. नंबराचा कागद हातात धरून ती बाकावर बसायची, आणि तो शेजारी बसून पेपर वाचायचा. विमानतळावर तो ब्रिटिश पासपोर्ट दाखवून आखूड रांगेतून पुढे निघून जाई आणि पलीकडे कॉफी घेऊन थांबे. “तुझ्या लायनीत मजा असते बाबा, ओळखी होतात,” असं तो एकदा म्हणाला होता. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत तनया त्याच्याशी बोलली नव्हती.

निदान ईप्सिता त्या आखूड रांगेत जाईल, हे तनयाने मनाशी केव्हाच धरून ठेवलं होतं. तिच्या ब्रिटिश पासपोर्टचा फॉर्म भरून झाला होता. फोटो तेवढा राहिला होता.

“चादरीला सुरकुती चालते का, एवढं विचारून घेतो,” समर्थ म्हणाला आणि त्याने डुसेलडॉर्फच्या ब्रिटिश कॉन्सुलेटला फोन लावला. तनयाला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू ठेवला.

पलीकडची बाई गोड होती. सुरकुत्यांचं तिने सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमचा स्वतःचा जन्म कुठला, सर?”

“सातारा. इंडिया.”

“आणि तुमचे वडील?”

“त्यांनी लंडनमध्ये नागरिकत्वाची रीतसर नोंदणी केली होती. माझ्या जन्माच्या आधीच.”

क्षणभर टाइपरायटरसारखा खटखट आवाज आला. मग ती बाई सावकाश, एकेक शब्द मोकळा करत बोलू लागली. समर्थ वडिलांमुळे नागरिक झाला होता, पण जन्मला होता बाहेर. अशा माणसाचं मूलही बाहेर जन्मलं, तर ते आपोआप ब्रिटिश होत नाही. ईप्सिता लेस्टरमध्ये जन्मली असती तर प्रश्नच नव्हता.

“मी तीन महिन्यांचा होतो तिथे आलो तेव्हा,” समर्थ म्हणाला. जणू वय सांगितलं की शिक्षा कमी होणार होती.

“तुमची काहीच चूक नाही, सर.”

एक वाट होती. पहिला वाढदिवस व्हायच्या आत नोंदणीचा अर्ज करायचा. त्यासाठी आजोबांचं नागरिकत्वाचं मूळ सर्टिफिकेट लागेल, आणि समर्थ तिथे राहिल्याचे पुरावे. वर्ष उलटलं तर मात्र अवघड.

फोन ठेवल्यावर समर्थ बराच वेळ कॅमेऱ्याचं झाकण लावत होता. तनयाने ईप्सिताला उचलून खांद्यावर घेतलं आणि उगाचच तिची पाठ थोपटू लागली. तिच्या डोळ्यांपुढे कुठलीही रांग येईना. जर्मनीत नुसतं जन्मून पोर जर्मन होत नव्हतीच. अमक्या देशाची असं जिच्याबद्दल कुणीच अजून लिहून दिलं नव्हतं, ती लाळेने तिचा खांदा भिजवत होती.

“इंडियन काढू या का सरळ?” समर्थ म्हणाला.

“काढता येईल. मग ब्रिटिश विसरायचा. आजीकडे जायला दरवेळी व्हिसा. माझ्यासारखा.”

“मग आईला फोन कर. बाबा गेल्यापासून त्यांचं सर्टिफिकेट तिच्याकडेच असणार.”

“मी? तुझी आई आहे.”

“मी केला तर ती विचारेल, कशाला हवंय. आणि मग मला सांगावं लागेल.”

काय सांगावं लागेल, ते त्याने उच्चारलं नाही. गरज नव्हती. साताऱ्याची गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सासूबाईंना, मनोरमाबाईंना, दिवस गेले. समर्थचे वडील दीनानाथ तेव्हा लेस्टरच्या बस डेपोत मेकॅनिक होते, इस्पितळ घरापासून दोन रस्त्यांवर. ते म्हणाले, इथेच होऊ दे. त्या म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरीच. त्या संसारात त्यांचं म्हणणं चालल्याचा तेवढा एकच प्रसंग असावा, कारण दुसरा त्यांनी कधी सांगितला नव्हता. पोट सांभाळत त्या एकट्या विमानात बसल्या, मुंबईहून साताऱ्याला गेल्या. मग ती शेगडी, ते बाळंतलिंबाचा पाला घातलेलं पाणी, आईच्या हातचे अळिवाचे लाडू. तनयाच्या लग्नात ओळख होऊन तास झाला नाही तोवर त्यांनी तिला हे सगळं सांगितलं होतं. आणि म्हणूनच, “पुण्यालाही नको,” असं त्या म्हणाल्या तेव्हा तनयाला राग आला होता. स्वतः माहेरी जाऊन आल्या, माझ्या वेळी मात्र सगळं यांच्या हाताखाली व्हायला हवं! तिने आपल्या आईलाच तिकीट पाठवून झिंडेलफिंगेनला बोलावून घेतलं होतं.

आता त्याच गोष्टीपायी नातीचं अडलंय, हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

ईप्सिता झोपल्यावर तनयाने फोन लावला. आधी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

“आई, बाबांचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे ना? समर्थच्या कंपनीत मागतायत.”

“कंपनीत?”

“हो. म्हणजे, पेन्शनचं काहीतरी असतं ना, ते.”

“तनया, तुला खोटं बोलता येत नाही, तर बोलू नये गं.” मनोरमाबाईंचा आवाज शांत होता. “पाकीट तयार आहे. ह्यांचं सर्टिफिकेट, समर्थचे शाळेचे दाखले, सगळं. तुझी बातमी कळली त्याच आठवड्यात काढून ठेवलंय.”

तनया खुर्चीच्या कडेवर टेकली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“ह्यांचे मित्र पद्माकर नाहीत का, त्यांच्या नातवाचं झालं ना असंच. दुबईला.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं की. इकडे ये म्हटलं. दोनदा.”

“पण का, ते नाही सांगितलंत.”

तिकडे नळाचं पाणी बंद झाल्याचा आवाज आला.

“का ते सांगायचं म्हणजे सातारा आला असता,” त्या म्हणाल्या. “मी गेले ते चुकलं, असं म्हणावं लागलं असतं. माझी आई त्यानंतर मला दिसली नाही, तनया. वर्षाच्या आत गेली ती. सव्वा महिना रोज मला न्हाऊ-माखू घातलंन तिने. ते चुकलं असं नाही म्हणवत मला. अजूनही नाही.”

“नका म्हणू,” तनया म्हणाली. हाताला फोनची गुंडाळलेली वायर लागली आणि ती तीच उलगडत राहिली.

“उद्या पोस्टात टाकते, रजिस्टर करून. आणि पोरीच्या टाळूला तेल घालतेस ना? तिथल्या नर्सा नको म्हणतात म्हणे.”

“घालते.”

“बरं करतेस. त्यांना सांगू नकोस.”

समर्थ दारात उभा होता. “काय म्हणाली? विचारलं का तिने?”

“नाही,” तनया म्हणाली. “पाठवतायत.”

पाकीट आलं. कागद दुमडू नयेत म्हणून आत कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घातला होता. सर्टिफिकेटवर दीनानाथांची सही होती, अक्षरं एकमेकांपासून जरा लांब लांब, शिकून काढल्यासारखी. समर्थने अर्ज भरला, फोटो लावला. या खेपेला ईप्सिताने तोंड मिटलं होतं आणि कुणावर तरी रागावल्यासारखी दिसत होती. सोबत त्याचा स्वतःचा पासपोर्ट मूळ प्रतीत जोडायचा होता. तो पाकिटात सरकवताना त्याने एकदा उघडून पाहिला.

“आता मीही तुझ्या लायनीत,” तो म्हणाला. या वेळी तनया हसली.

जानेवारीतल्या एका रविवारी मनोरमाबाईंचा नेहमीसारखा फोन आला. ईप्सिता पालथी पडते का, दात शिवशिवतात का, डुसेलडॉर्फहून काही आलं का. काही आलं नव्हतं. ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “हल्ली खालीच झोपते मी, सोफ्यावर. वरच्या खोलीत फार उकडतं.”

“हो का? बरं,” तनया म्हणाली, कारण ईप्सिताने तेवढ्यात तिचा चष्मा ओढला होता.

मग ती हीटरवर वाळत घातलेली झबली गोळा करू लागली. खिडकीच्या काचेवर बाहेरून बर्फाची जाळी धरली होती. तिसरं झबलं घडी करताना तिचे हात थांबले. लेस्टरच्या त्या घरात ती एकदाच राहिली होती, लग्नानंतर, मार्च महिन्यात. वरच्या खोलीत दोन रजया घेऊनही पाय गरम झाले नव्हते. आणि न्हाणीघर वरच होतं. खाली नव्हतंच.

तिने परत फोन लावला.

“आई, जिना चढवत नाही का तुम्हाला?”

“कोण म्हणालं?”

“न्हाणीघर वर आहे ना. मग कसं करता?”

“होतं गं सगळं. तू पोरीकडे बघ,” मनोरमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

समर्थने लावला तेव्हा त्याला त्या म्हणाल्या, तुझाच आवाज बसलाय, काढा घे. त्याने ते तनयाला जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगतानाच त्याचा चेहरा उतरला.

“तू जाऊन ये,” तनया म्हणाली.

“कसा जाऊ? पासपोर्ट डुसेलडॉर्फला आहे.” तो कपाळ चोळू लागला. “उद्या फोन करून परत मागतो. पण पोस्टाने यायला आठवडा तरी लागेल. तू?”

तनयाचं तर आणखीच अडलेलं होतं. तिला व्हिसा हवा होता आणि ईप्सितापाशी तर तिचं नाव सांगणारा जन्माचा दाखला सोडून काहीच नव्हतं. तिघंही या स्वयंपाकघरात जणू टाचून ठेवल्यासारखी होती. डॉक्टर बोलवावा तर त्या दार उघडून त्याला चहा पाजून परत पाठवतील. लेस्टरचे जुने शेजारी घर विकून गेले होते, नव्यांचा नंबर कुणापाशीच नव्हता. पद्माकर मुलाकडे दुबईला.

समर्थ ईप्सिताला घेऊन फेऱ्या घालू लागला. तनया कॉम्प्युटरपाशी बसली. इंग्लंडातल्या मराठी मंडळींचा एक ईमेल गट होता. त्यावर लोक मोदकाचे साचे आणि भाड्याच्या खोल्या शोधत असत. तिने त्यावर कधी काही लिहिलं नव्हतं. दोनदा लिहून खोडलं, मग तिसऱ्यांदा न थांबता लिहिलं.

“नमस्कार. आपली ओळख नाही. मी जर्मनीत असते आणि सध्या आमच्यापैकी कुणालाच निघता येत नाही. हे वाचणारं कुणी लेस्टरमध्ये किंवा जवळपास असेल, तर उद्याच्या उद्या माझ्या सासूबाईंकडे एकदा जाऊन याल का? पत्ता खाली दिला आहे. मी पाठवलंय असं सांगितलंत तर त्या दारातूनच ‘सगळं छान आहे’ म्हणतील. त्यावर परत फिरू नका. तुम्ही साताऱ्याकडचे असाल तर तसं सांगा, नसलात तरी साताऱ्याचं काहीतरी विचारा, म्हणजे आत घेतील. बसा जरा वेळ. त्या चहा करायला उठतील. तुम्ही मदतीला उठू नका. त्या कशा उठतात, कशाला धरून उठतात, तेवढं नीट बघा आणि मला कळवा.”