मार्लीनचं मत

एमिल हुडाकचा आजा कोळशाच्या खाणीत राबला, बापही राबला, आणि दोघेही मरेपर्यंत डेमोक्रॅट राहिले. एमिलही तसाच. खाणी बंद पडून चाळीस वर्षं झाली होती. पेनसिल्व्हेनियातल्या त्या खोऱ्यात आता रिपब्लिकन सोडून कुणी निवडून येत नव्हतं. बऱ्याचदा डेमोक्रॅटांचा माणूस उभाच नसायचा. तरी एमिल दर नोव्हेंबरात न चुकता जायचा, हरणाऱ्याला मत द्यायचा आणि घरी येऊन जेवायला बसायचा.

त्याच्या बायकोला, मार्लीनला, हे पटत नव्हतं. त्या वर्षी फेब्रुवारीत तिनं मतदारयादीतला पक्ष बदलायचा एक अर्ज भरला आणि ती रिपब्लिकन झाली.

"माझ्या बापाला कळलं तर थडग्यातून उठून येईल," एमिल म्हणाला.

"येऊ दे की. त्यांच्यासाठीपण एक अर्ज आणून ठेवते."

"चेष्टा नाही, मार्लीन."

"मी कुठं चेष्टा करतेय? इथली खरी निवडणूक मे महिन्यात होते. रिपब्लिकन आपला उमेदवार ठरवतात, तेव्हाच सगळं ठरतं. नोव्हेंबरात नुसता शिक्का. आणि मेमध्ये मत कोण देऊ शकतं? ज्याचं नाव त्या पक्षात, तोच. आपण लग्न झाल्यापासून सत्तेचाळीस वर्षं कुंपणाबाहेर उभं राहून शिव्या घालतोय."

भांडण अँब्युलन्सचं होतं. गावच्या मंडळावर तीन माणसं, त्यातला डेल प्रॉसर हा मुख्य. त्यानं खर्च परवडत नाही म्हणून शनिवार-रविवारची अँब्युलन्स बंद केली होती. त्या दोन दिवसांत ती डोंगरापलीकडून, बावीस मैलांवरून यायची. मे महिन्यात प्रॉसरची जागा पणाला लागणार होती, आणि त्याच्याच पक्षातून त्याच्याविरुद्ध ट्रूडी केसलर उभी होती. ट्रूडी निवृत्त नर्स. तिचं एकच म्हणणं होतं, अँब्युलन्स सातही दिवस हवी.

मार्लीननं एमिलचाही अर्ज भरला. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं तिच्या गोल अक्षरात. फक्त सही राहिली होती. अर्ज तिनं फ्रिजच्या दारावर लावून ठेवला. एप्रिलमध्ये एमिलला कागद हवा होता, तेव्हा त्यानं तोच काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर टोमॅटोच्या रोपांची यादी लिहिली आणि परत लावून टाकला.

"सोमवारी, पाच मेला मुदत संपते," ती म्हणाली.

"मी मेल्यावर काय करायचं ते कर."

गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मार्लीननं मत टपालानं दिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कागदावरचा गोल नीट काळा केला, पाकिटात पाकीट घातलं, बाहेरच्यावर सही केली. टपालात टाकायला एमिलच गेला. पोस्टातल्या बाईला म्हणाला, "शत्रूची डाक आहे, जपून."

अकरा मे हा रविवार होता, आईचा दिवस. चर्चमध्ये प्रत्येक आईला एक गुलाबी फूल मिळालं. घरी आल्यावर मार्लीननं ओव्हनमध्ये कोबीच्या पानात भरलेला खिमा ठेवला. अ‍ॅरिझोनातल्या मुलीचा फोन आला, तिच्याशी बोलली. मग फूल ग्लासात ठेवायला गेली आणि तिथंच खाली बसली. बसली ती उठली नाही.

अँब्युलन्सला एक्केचाळीस मिनिटं लागली. एमिलनं ती घड्याळात मोजली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. अर्ध्या तासानं त्यानं ओव्हन बंद केला. का केला, ते नंतर त्याला आठवेना.

"थोडं लवकर पोचलो असतो तर प्रयत्न तरी करता आला असता," गाडीवरचा माणूस म्हणाला. तो घामानं भिजला होता. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता.

गुरुवारी माती झाली. ट्रूडी बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन आली आणि निवडणुकीबद्दल एक शब्द बोलली नाही. प्रॉसरही आला. हात धरून म्हणाला, "एमिल, काही लागलं तर संकोच करू नकोस."

"एकच गोष्ट लागली होती," एमिल म्हणाला.

प्रॉसरनं मान हलवली आणि कॉफीकडे गेला.

शुक्रवारी एमिल जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीत गेला. टेबलाशी ग्लोरिया होती. तिला तो तिच्या लहानपणापासून ओळखायचा, तिच्या भावाच्या बेसबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहायचा.

"या, हुडाककाका. ऐकलं मी काकूंचं. फार वाईट झालं."

"हं. दोन कामं होती. पक्ष बदलायचाय."

"मुदत संपली हो पाच तारखेला. आता बदललात तर पुढच्या खेपेपासून."

"बरं. दुसरं, मार्लीनचं पाकीट पोचलं का?"

तिनं पडद्यावर बघितलं. "पोचलंय. एकोणतीस एप्रिललाच."

"मग मोजतील ना? ती गेली रविवारी. पण मत आधीच दिलंय."

ग्लोरियाचा हात थांबला. "काका, हे तुम्ही मला विचारायला नको होतं."

"का?"

"मतदानाच्या दिवशी माणूस हयात नसेल तर पाकीट उघडत नाहीत. बाजूला ठेवतात. कचेरीला कळलं तर."

"आणि कळलं नाही तर?"

"मृत्यूचे दाखले इथं यायला दोन-दोन आठवडे लागतात. मी माती झाल्याचं ऐकलं होतं, पण त्यांनी टपालानं मत दिलंय, हे मला कुठं ठाऊक होतं?"

"मग अजूनही ठाऊक नाही, असं समज. मी आलोच नाही."

मागच्या टेबलांवरची दोन माणसं मान खाली घालून बसली होती. दोघांनी ऐकलं होतं.

"अंतिम सामन्यात तुम्ही माझ्या भावाला बाद दिलंत," ग्लोरिया हळू आवाजात म्हणाली. "बाबा तुमच्या पाया पडायचे बाकी होते, दिसलं नाही असं समजा म्हणून. तुम्ही तसं समजलात?"

एमिल टोपी घालून बाहेर आला.

मंगळवारी मतदान होतं, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. मतपत्रिका वाटायला बसलेल्या बर्निसबाईंनी त्याच्या हातात डेमोक्रॅटांची मतपत्रिका दिली. गावमंडळाच्या जागेपुढे एकही नाव नव्हतं, नुसती कोरी ओळ. एमिलनं तिथं ट्रूडी केसलर असं लिहिलं.

"नाव लिहिलंस?" बर्निसबाईंनी विचारलं. "डेमोक्रॅटांची उमेदवारी मिळायला असं निदान दहा जणांनी लिहावं लागतं. सकाळपासून तुमच्या पक्षाचे चौघं आलेत. त्यातला एक बाथरूम शोधत होता."

रिपब्लिकनांची मोजणी वेगळी, तीत प्रॉसरला एकशे सत्त्याऐंशी मतं पडली. ट्रूडीलाही एकशे सत्त्याऐंशी. फेरमोजणी झाली, तरी आकडा हलला नाही.

बरोबरी झाली की तिथं चिठ्ठ्या टाकल्यासारखं करतात. जिल्हा कोर्टाच्या एका खोलीत कापडी पिशवी आणली, तिच्यात आकडे लिहिलेल्या लाकडी चकत्या होत्या. लहान आकडा येईल तो जिंकला. एमिल मागच्या बाकावर बसला होता. ट्रूडीनं हात घातला, चौदा निघाला. प्रॉसरनं काढला तो नऊ. प्रॉसर वार्ताहराला म्हणाला, "लोकांनी कौल दिला, मी नम्रपणे स्वीकारतो." वार्ताहरानं ते लिहून घेतलं.

ट्रूडी एमिलजवळ येऊन बसली.

"एका मतानं झालं असतं रे," ती म्हणाली. "तुमच्यातलं मार्लीनचं तरी आलं. तिनं मला फोन करून सांगितलं होतं, टाकलं म्हणून. तिचं वाया गेलं नाही, एवढंच समाधान."

एमिल गप्प राहिला असता तर ते समाधान तिच्याजवळ राहिलं असतं. पण त्याला तसं जमायचं नाही.

"मोजलं नाही ते," तो म्हणाला. "ती गेल्याचं मी सांगितलं त्यांना."

"कशाला?"

"मोजणार ना, हे विचारायला गेलो होतो."

ट्रूडीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग काढला. तिनं पर्स उचलली आणि ती गेली.

एमिल खालच्या मजल्यावर ग्लोरियाकडे गेला. खिशातून अर्ज काढला, तिच्यासमोर सही केली.

"ही जागा आता सहा वर्षांनी, काका."

"मी त्र्याहत्तरचा आहे."

"मागं काय लिहिलंय?"

"टोमॅटो. पुढचं अक्षर तिचं आहे. एक झेरॉक्स काढून दे."

तिनं काढून दिली. एमिल घडी घालून उभाच राहिला.

"ते पाकीट कुठंय?"

"सीलबंद खोक्यात. काही महिने ठेवतात, मग कातरून टाकतात."

"मला मिळेल?"

"नाही हो."

"तिचं आहे ते."

"मत दिल्यावर ते कुणाचंच राहत नाही."

"मोजलंच नाही," एमिल म्हणाला, "तर दिलं कुठं?"

ग्लोरियानं अर्जावर शिक्का मारला आणि तारीख घातली.