डाव्या कानाची खूण

सुळा अजून जरा लांबच होता. चिमट्यात धरून तिनं तो दिव्याच्या उजेडात फिरवून पाहिला — पिवळसर, बारका, खोटा, पण कोणाच्या तरी तोंडात वीसेक वर्षं राहून आल्यासारखा — आणि मग कानशीवर हलकेच घासून पुन्हा मेणाच्या हिरडीत बसवला. आता बरा दिसत होता. हा जबडा कोणा म्हाताऱ्या बाईंचा होता म्हणे. त्या बाईंना तिनं कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हती; कवळ्या बनवायच्या या खोलीत माणसं येतच नाहीत, त्यांचे नुसते जबडे येतात, प्लास्टरचे, पांढरेफटक, आणि तिनं दात लावले की हसत हसत परत जातात. पंचवीस वर्षं हेच. कोणाचा सुळा वाकडा, कोणाची दाढ झिजलेली, हे तिला चेहऱ्याआधी कळतं. आणि तरीही... तरीही परवा तिनं तोंड उघडून पाहिलं नाही. पाहायला नको? — पण कशासाठी पाहायचं, कान दिसला होता ना.

"ताई, आज तुमचा चेहरा कसा टवटवीत दिसतोय," साचे ओतणारा भाऊ पलीकडच्या टेबलावरून म्हणाला. "झोप झाली वाटतं झकास."

तिच्या हातातली कानस थांबली. भाऊ भला माणूस, प्लास्टर कालवता कालवता तोंडाला येईल ते बोलतो, मनात काही नसतं. पण तिला वाटलं, यानं चोरी पकडली आपली.

कारण झोप झाली होती. परवा झाली, काल झाली. ढाराढूर. बोक्याला पुरून आलेल्या दिवशी ती उशीवर डोकं टेकताक्षणी झोपली आणि सकाळी नवऱ्यानं हलवलं तेव्हा उठली, आणि उठल्यावर पहिल्यांदा काय वाटलं असेल तर — बरं वाटलं. अंग हलकं वाटलं. मग आठवलं, की मुकादम मेलाय. मग ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. पण बरं आधी वाटलं होतं, रडू नंतर आलं होतं, आणि हा क्रम काही केल्या उलटा करता येत नव्हता.

मुकादम हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं. इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी ती वाटी वाजवून मांजरांना खायला घालायची तेव्हा हा पिवळा बोका स्वतः आधी खायचा नाही. भिंतीवर बसून बाकीच्यांवर देखरेख करायचा, धाकटीनं काळीच्या वाटणीत तोंड घातलं की गुरकावायचा, आणि सगळ्यांचं उरकलं की सावकाश उतरायचा. "बघ, आला तुझा मुकादम हजेरी घ्यायला," नवरा खिडकीतून म्हणायचा. स्वतः कधी खाली यायचा नाही. 'विकतचं दुखणं' म्हणायचा, 'नस्ती उठाठेव' म्हणायचा, आणि खोटं काय म्हणायचा? घरात पाळलेल्या जनावराचं एक बरं असतं, दार लावलं की काळजी संपते. या बाहेरच्यांचं तसं नाही. तुम्ही दार लावता तेव्हा त्यांची काळजी सुरू होते. रस्त्यावर ब्रेक कचकन लागला की पोटात गोळा. कुत्री एकदम भुंकायला लागली की पोटात गोळा. थंडी वाढली, गोळा. एक दिवस कोणी जेवायला आलं नाही, गोळा. अख्खी चार वर्षं जीव असा टांगणीला लावून ती जगली होती आणि वर लोकांना सांगत होती, की नाही हो, मांजरांमुळे मन किती शांत राहतं.

आणि त्या संध्याकाळी तिनं दार लावलं होतं. हे कोणाला सांगितलं नव्हतं. मुकादम कधी नव्हे तो जिना चढून वर आला होता, उंबऱ्यापाशी बसला होता, आणि एकदाच ओरडला होता — मागितल्यासारखा नाही, विचारल्यासारखा. ती दमली होती. दिवसभर मान मोडून काम, पाय सुजलेले... 'उद्या रे बाबा,' ती म्हणाली आणि दार लावलं. सकाळी कचऱ्याच्या गाडीमागे, वळणावर, रस्त्याच्या कडेला पिवळं काहीतरी दिसलं. ती जवळ गेली. तोंडाकडे बघवेना. डावा कान तेवढा वर होता, त्याचं टोक छाटलेलं. बस. ती खूण तिच्या डोळ्यांसमोरच झाली होती: बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन केलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी, तो गुंगीत असतानाच, कानाचं टोक सरळ कापून टाकलं होतं, म्हणजे एकदा ऑपरेशन झालेलं मांजर पुन्हा कोणी धरून आणत नाही. तिनं आपला टॉवेल त्याच्यावर टाकला आणि नवऱ्याला हाक मारली. आणि नवरा, विकतचं दुखणं म्हणणारा नवरा, चपला न घालता खाली आला, आणि भिंतीमागे कुदळीनं खड्डा खणता खणता बाहीला डोळे पुसत होता.

मी दार लावलं म्हणून तो मेला. हे एक. आणि तो मेला म्हणून मला झोप लागली. हे दुसरं. यातलं पहिलं सोसण्यासारखं होतं. पहिल्याला रडता येत होतं. दुसऱ्याचं काय करायचं? सुंठीवाचून खोकला गेला — असं कोणी आपल्या मांजराबद्दल म्हणतं का? तिनं म्हटलं नव्हतं. पण तिच्या अंगानं म्हटलं होतं, आणि अंग खोटं बोलत नाही मेलं.

फोन वाजला. नवऱ्याचा. आज त्याची दुसरी पाळी, म्हणजे दुपारपर्यंत घरी.

"अगं... बसलीयेस ना तू?"

"का? काय झालं?"

"काही नाही झालं. म्हणजे... मुकादम आलाय."

"कोण?"

"मुकादम गं! जिन्यात बसलाय. माझ्याकडे असा बघतोय, की जेवणाला उशीर मीच केला."

"चेष्टा करू नका हो. माझ्यानं नाही सोसवत."

"तुझी शपथ. अगं, मी स्वतः पुरला ना त्याला? कंबर धरलीये अजून माझी!" त्याचा आवाज चिरकला. तो हसत होता की काय, कळेना. "तू ये. आधी घरी ये."

तिनं जबडा खाली ठेवला, हात धुतले, पुन्हा धुतले. "भाऊ, मी निघते. घरी... घरी सगळं ठीक आहे."

"ठीक आहे म्हणून कोणी सुट्टी घेतं होय ताई?" भाऊ म्हणाला, पण ती जिना उतरूनही गेली होती.

वाटेत तिनं स्वतःला बजावलं, हुरळून जायचं नाही. ह्यांना काय कळतंय, सगळे पिवळे बोके यांना सारखेच. दुसराच कोणी असेल. भुकेला असेल, चढला असेल जिना. मग त्यालाही घालू खायला, त्यात काय... पण पाय ऐकत नव्हते. तिच्या वयाची बाई धावते तशी ती धावत होती, पिशवी पोटाशी धरून, आणि रस्त्यातला एकजण बाजूला होत म्हणाला, "सावकाश, काकू," तर तिला त्याचाही राग आला नाही.

बोका तिसऱ्या पायरीवर बसला होता. मिशांना जाळी, अंगाला रंगाचा उग्र वास, पोट खपाटीला गेलेलं — कुठल्या तरी बंद गोदामात अडकून पडला असणार गाढव. नवरा वरच्या पायरीवर, दुधाची वाटी हातात धरून, जणू पाहुणा म्हणून आलाय. ती खाली बसली. या वेळी तिनं कानाकडे पाहिलंच नाही. दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि अंगठ्यानं ओठ वर केला. उजवा वरचा सुळा अर्धा तुटलेला, तुटल्या जागी कड झिजून गुळगुळीत झालेली. हाच. किती वेळा तिनं त्याला म्हटलं होतं, ये रे कामावर, तुला एक नवा लावून देते. बोक्यानं तिच्या अंगठ्याला कचकन चावा घेतला.

"रक्त येतंय गं," नवरा म्हणाला.

"येऊ दे!" ती म्हणाली. "येऊ दे मेलं!" आणि जीव भांड्यात पडला म्हणतात ते काय असतं हे तिला त्या पायरीवर कळलं: हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्हींना एकच रुमाल पुरला. मी मारला नाही. मी नुसतं दार लावलं होतं. दार लावणं म्हणजे दार लावणं, दुसरं काही नाही. आणि माझी झोप — ती कोणाच्या मरणावरची नव्हती, कोणी मेलंच नव्हतं! ती नुसतीच झोप होती, दमलेल्या बाईची.

तेवढ्यात खाली रस्त्यावर कोणाचा तरी ब्रेक कचकन लागला. तिच्या पोटात गोळा आला. बोका मांडीत असताना, दूध चाटत असताना आला. म्हणजे परत आलं सगळं, तिला वाटलं. हा एकटा नाही आला, ते काळजीचं बिऱ्हाडही बरोबर घेऊन आलाय. आणि नवल म्हणजे त्याचंही तिला वाईट वाटेना. ये बाबा, तूही ये.

"मग आपण पुरलं कोणाला?" नवरा म्हणाला.

 टॉवेल, खड्डा, वर ठेवलेला दगड... ते सगळं तसंच होतं. कोणी मेलंच नव्हतं, असं आत्ताच तर मनाशी म्हणाली होती ती.

बोक्याला उचलून दोघं घरात आली आणि तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अहो, डावा कान मी सगळ्यांचाच कापतो, ती काय एकट्या तुमच्या बोक्याची सही आहे? मग आठवून म्हणाले, की अगदी तसाच एक पिवळा मागच्या महिन्यात किल्लीवाल्यानं आणला होता, तुमच्याच भागातला, वळणापुढे बसतो तो. पोत्यात घालून आणला होता, आणि पोत्याला हात लावून बाहेर बसून राहिला होता बिचारा. का? काय झालं? तिनं 'काही नाही' म्हणून फोन ठेवला.

"आता मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?" नवरा म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "मी येऊ का बरोबर?"

"नको. तुमची पाळी आहे. मीच जाते. खूण मी चुकले."

तिनं दार उघडलं तसा मुकादम तिच्या पायांमधून निसटला, जिना उतरला, भिंतीवर चढला आणि पलीकडे दिसेनासा झाला. एवढा उपाशी, एवढा दमलेला, पण राहिला नाही. धरून आत कोंडावं, असं तिच्या मनात आलं होतं... मग आलं तसं ते गेलं.

किल्लीवाला आपल्या टपरीत नव्हता. फूटपाथवर उभ्या केलेल्या एका गाडीपाशी गुडघ्यांवर ओणवा होऊन तो खाली बघत होता, आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा हलवत होता. थोडं थांबायचा, ऐकायचा, पुन्हा हलवायचा. वाटी वाजवण्याऐवजी किल्ल्या, एवढाच फरक. तिला त्याच्या पाठीकडे बघून सगळं कळलं: कालही तो असाच ओणवा झाला असणार, परवाही. त्याला झोप लागलेली नसणार. आणि बातमी आपल्या पिशवीत आहे, टॉवेलाची, खड्ड्याची, नीट पुरल्याची — दोन माणसांनी रडून पुरल्याची, हेही सांगायला हवं, त्याला तेवढं तरी... कुठून सुरुवात करायची? बसा आधी, असं म्हणावं. की आधी त्याचं नाव विचारावं, बोक्याचं?

तिची चाहूल लागून तो उठला, विजारीचे गुडघे झटकत. "ताई, तुम्ही त्या पलीकडच्या ना, मांजरवाल्या? माझा पिवळा दिसला का हो कुठे? डावा कान —" आणि तो थांबला. त्यानं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि त्याचं स्वतःचं तोंड हळूहळू उजळायला लागलं. "दिसला ना? दिसला! तुमच्या चेहऱ्यावरूनच कळतंय की!"

तिनं हात गालाला लावला. खरंच होतं. तिथं अजून तो आनंद तसाच होता, जिन्यावरचा, उघडा पडलेला. तिनं ओठ मिटले, कपाळाला आठी घालून पाहिली, पण तो हटेना, काही केल्या हटेना, आणि समोरचा माणूस त्या आनंदाकडे बघून हसत होता.