खुर्ची येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे. राहुरीतल्या एका सरकारी कचेरीत राहतो. कुठली कचेरी ते सांगत नाही; माहिती द्यायची नाही ही सवय मला तिथंच लागली.

माझा जन्म मुळा नदीकाठच्या एका बाभळीतून झाला. कानिफनाथ सुतारांनी तिच्यातून साहेबांसाठी हातांची खुर्ची केली आणि जे लाकूड उरलं त्यातून मला केलं. पाठीपुरतं लाकूड काही उरलं नाही. "शिपायाला टेकायला कशाला पायजे?" असं म्हणून त्यांनी रंधा बाजूला ठेवला. माझा एक पाय किंचित आखूड राहिला होता. त्याखाली जुन्या परिपत्रकाची घडी सरकवली की मी ठाम उभा राहायचो. परिपत्रकाचा एवढा उपयोग होताना मी पुढं फारसा पाहिला नाही.

साहेबांच्या दाराबाहेर माझी जागा. आधी माझ्यावर साळवे शिपाई बसायचे. ते नोकरीतच वारले आणि त्यांच्या जागी त्यांची बायको कलाबाई आल्या. नवऱ्याची अर्धी राहिलेली नोकरी पुरी करायची, निवृत्तीच्या तारखेपर्यंत, एकही दिवस कमी नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. हे त्या मलाच सांगायच्या. दाराबाहेर ऐकायला दुसरं होतं कोण?

त्या वेळचे साहेब म्हणजे आबासाहेब. तोंड मोठं फटकळ. एवढ्या मोठ्या बाईला "ए कले" म्हणून हाक मारायचे. कलाबाई मान खाली घालून पुटपुटायच्या, "कले म्हनं. जशी काय ह्यांच्या दावनीची शेळी." त्यांना ते लागायचं, आणि लागण्यासारखंच होतं. या बाबतीत मी आबासाहेबांची बाजू घेणार नाही. पण कलाबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा एक दिवस आबासाहेब फाइल घेऊन स्वतःच बाहेर आले.

"बस गं. घंटी वाजली तरी उठू नको. मला ती वाजवायची सवय आहे, काम काही नसतं."

१९९६ साली आबासाहेब निवृत्त झाले आणि अमृतसाहेब आले. तरुण, नम्र, पुण्याला कार्यालयीन शिष्टाचाराचं प्रशिक्षण घेतलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फलकावर आदेश लावला. कुणालाही एकेरी हाक मारू नये. मामा, मावशी अशी नाती कचेरीत लावू नयेत. 'शिपाई' म्हणू नये, 'कार्यालय सहायक' म्हणावं. वाचल्याबद्दल सगळ्यांनी सह्या केल्या. कलाबाईंनीही केली.

दुपारी आतून हाक आली, "श्रीमती साळवे, जरा येता का?"

कलाबाई बसूनच राहिल्या. श्रीमती साळवे म्हणजे त्यांची सासू, आणि ती तर बेलापूरला होती. हेडक्लार्क गहिनीनाथ भाऊसाहेबांनी खुणावलं, तेव्हा कुठं त्या लगबगीनं आत गेल्या. बाहेर आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्यानं. "आपण म्हनले मला," त्यांनी मला सांगितलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. चांगल्या शब्दानं माणसाचा कणा ताठ होतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग साहेबांची नजर माझ्यावर पडली.

"स्टूल हे गुलामीचं प्रतीक आहे," ते गहिनीनाथांना म्हणाले. "श्रीमती साळवेंना खुर्ची मिळाली पाहिजे." माणूस अगदी तळमळीनं बोलत होता. संध्याकाळच्या आत मला उचलून समोरच्या अडगळीच्या खोलीत टाकलं. त्या खोलीचं दार लागत नाही, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

"साहेब, मग मी बसू कुठं?" दुसऱ्या दिवशी कलाबाईंनी विचारलं.

"खुर्चीची मागणी आजच नगरला जाते आहे. आपण थोडी कळ सोसा."

"व्हय साहेब."

तीन महिन्यांनी मागणी परत आली. 'कार्यालय सहायक' असं पद यादीत नाही, सबब त्या पदास कोणतंही फर्निचर देता येत नाही. गहिनीनाथांनी 'शिपाई' असं लिहून नवी मागणी पाठवली. आणखी दोन महिन्यांनी उत्तर आलं. शिपायास स्टूल अनुज्ञेय आहे. ते असताना खुर्ची का हवी, याचा खुलासा करावा.

साहेब दौऱ्यावर होते. गहिनीनाथ इकडंतिकडं बघत बाहेर आले.

"मावशी... चुकलो, श्रीमती साळवे. स्टूल काढू का परत?"

"नको भाऊसाहेब. साहेब म्हनतील अपमान झाला."

"कुणाचा?"

"त्येच तर समजंना."

कलाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. जमिनीवर बसलं तर उठवत नव्हतं. आधी डाव्या पायावर भार, मग उजव्या. येणारा-जाणारा फार अदबीनं वागायचा. श्रीमती साळवे, नमस्कार. श्रीमती साळवे, आपली तब्येत काय म्हणते? साहेबसुद्धा एकदा जाता जाता थांबले आणि म्हणाले, "आपण उभ्या का?" कलाबाई उत्तराची जुळवाजुळव करतात तोवर आत फोन वाजला.

मित्रांनो, मी तिथून दहा पावलांवर होतो. मला चार पाय आहेत, पण चालता येत नाही. एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. कलाबाईंनी नोकरी सोडण्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"श्रीमती साळवे, आपल्या निर्णयाचा मला आदर आहे."

"आदर लई केला साहेब तुमी," कलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पर तो गुडघ्यापत्तूर आला न्हाई."

साहेबांनी अर्जावर सही केली.

निरोपाचा कार्यक्रम कारकुनांच्या मोठ्या खोलीत ठेवला होता; तीही मला माझ्या उघड्या दारातून दिसायची. हार आला, नारळ आला, साडी आली. आता सत्कारमूर्तीला बसवायला खुर्ची हवी. गहिनीनाथांनी आपल्या शेजारच्या खुर्चीवरचा फायलींचा गठ्ठा उचलला आणि जमिनीवर ठेवला. अर्धं मिनिट लागलं. मग ते तिथंच उभे राहिले, त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत. खिशातून रुमाल काढून खुर्ची पुसायला लागले. पुसून झाली तरी पुसतच होते.

"बसा, मावशी," शेवटी ते म्हणाले.

कलाबाई बसल्या. आदेशाची आठवण कुणी करून दिली नाही. साहेब हातातल्या भाषणाच्या कागदाकडं बघत राहिले आणि न वाचताच त्यांनी तो खिशात ठेवला. साळव्यांची नोकरी आठ महिन्यांनी अपुरी राहिली, ती राहिलीच.

मित्रांनो, कुणाला काय म्हणावं ते जरूर शिका. आबासाहेबांसारखं बोलू नका. ते बोलणं कलाबाईंना कसं टोचायचं, मला ठाऊक आहे. पण चांगला शब्द शिकून झाला की एकदा मान वर करून बघा, समोरचं माणूस उभं तर नाही ना. असेल तर त्याला बसायला द्या. स्टूल असेल तर स्टूल, नाहीतर आपली खुर्ची. त्याला नगरची मंजुरी लागत नाही.