तीन तास पाच मिनिटं

"इमानानं किती तास लागत्यात रं गुवाहाटीपस्नं?" चहाचा कप खाली ठेवत लालासाहेबांनी विचारलं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. आसामातली चौकी त्यांच्या बोलण्यातून अजून उतरली नव्हती.

आईच्या दहाव्याला भादरलेल्या डोक्यावर धनाजी टोपी सारखी करत राहिला. "लागत्यात की. मधी बदलावं लागतंय."

"कुठं मामा?" बहिणीची उत्कर्षा कराडला इंजिनिअरिंगला होती. तिचं बोट मोबाईलवर फिरलंसुद्धा. "गुवाहाटी ते पुणे, हवाई अंतर दोन हजार किलोमीटर. थेट विमान हाय. तीन तास पाच मिनिटं."

अंगणातली माणसं धनाजीकडं बघू लागली. पत्रावळींचा गठ्ठा वाऱ्यानं फडफडला.

आईचं जास्त झाल्याचा फोन आला, तेव्हा धनाजी गुवाहाटीतल्या दुकानात चांदी गाळत होता. 'आलोच, विमानानं निघालो,' असं त्यानं आईच्या कानाला लावलेल्या फोनवर सांगितलं आणि तो रेल्वेत बसला. ती गेली तेव्हा गाडी भुसावळच्या अलीकडं सिग्नलला उभी होती. मातीला तो नव्हता. दुसऱ्या दिवशी पोचला आणि म्हणाला, विमानाचं तिकीट मिळालं नाही.

"बाज अंगणात काढाय लावली हुती तिनं," धनाजीचा बाप बिराप्पा बोलला. त्याचा जन्म मेंढरांमागं गेलेला. "वरनं इमान गेलं की म्हणायची, आलं का माजं? मी म्हणायचो, ह्ये न्हवं. फुडचं."

धनाजीला जमीन बघवेना आणि मानही वर होईना.

"उत्कर्षे, तीन तासात मुक्काम किती?" बिराप्पानं विचारलं.

"मुक्काम नसतोय आबा. एकदा बसलं की पुण्यातच."

"म्हंजे मधी उतराय येत न्हाई."

"कसं येईल?" ती हसली.

म्हाताऱ्यानं पोराकडं पाहिलं, मग पाहुण्याकडं. "त्या दिवशी तिकिटं संपली न्हवती, लालासायब. इमानंच बंद हुती. धुकं हुतं."

लालासाहेबांनी वैशाखाच्या पांढऱ्या आभाळाकडं नजर टाकली. "आसंल," ते म्हणाले. "तिकडं लय धुकं."

पाहुणे पांगले. धनाजीनं बापाचे पाय धरले. "आबा, तुमी खोटं कशाला—"

"जत्रंतल्या उंच पाळण्यात उतरवा उतरवा म्हणून वरडलावतास. चार वर्साचा हुतास. पाळणा काय थांबंना. तवा तिनंच पदरानं तुझं डोळं झाकलं." बिराप्पानं खुंटीवरचं तिचं लुगडं काढलं, पदराकडचा हातभर तुकडा दातानं धरून फाडला, घडी घालून पोराच्या पिशवीत ठेवला. "आता जाताना रेल्वेनंच जा. पर माझ्या येळंला इमानानं ये. ह्ये डोळ्याला बांध आणि बस."

धनाजी पिशवीतल्या घडीवर हात ठेवून बसला. तेवढ्यात उंचावरून एक विमान गेलं, आवाज मागं ठेवून. बिराप्पानं सवयीनं डोळ्यावर हात धरला, रिकाम्या बाजेकडं वळला.

"ह्ये न्हवं," तो म्हणाला. "फुडचं."