हाडकी

गावाच्या खालच्या अंगाला, वारा जिकडे वास घेऊन जाईल तिकडे, आमच्या वस्तीची हाडकी. गावात जनावर मेलं की वस्तीनं ते ओढत आणायचं ते इथं, सोलायचं इथं आणि उरलंसुरलं गिधाडांना सोडायचं तेही इथंच. वाटेनं जाणारी माणसं श्वास कोंडून, मान वळवून जायची. ही जागा तुमची, असं म्हणून गावानं ती आमच्या आज्या-पणज्यांना दिली होती. देताना कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं.

भिंगरीच्या आबांनी उभी हयात इथं सुरी चालवली. मग वस्तीनं ते काम टाकलं, आबांनी सुरी छपरात खोचली आणि हाडकीत बाभळी माजल्या.

भिंगरीचं खरं नाव वेगळं, पण पाय फुटल्यापासून पोर एका जागी ठरली नाही. तिला पोलिसात जायचं होतं. भरतीत पळून दाखवावं लागतं, आणि पळायला जागा लागते. शाळेच्या मैदानाला गावच्या पुढाऱ्यानं कुलूप घातलेलं. रस्त्यावर पळावं तर वरच्या आळीची पोरं मोटारसायकली घेऊन मागे लागायची. "काय गं, काय चोरून पळालीस?"

"आपली हाडकी आहे की," एक दिवस भिंगरी म्हणाली.

वस्तीतली सगळी तरणी पोरं-पोरी कुदळी-पाट्या घेऊन उतरली. बाभळी तोडल्या, बुंधे उपटले. कुदळ मारली की खण्णकन आवाज यायचा आणि मातीतून जबडा हसायचा, शिंग डोकावायचं. आबा बांधावर बसून ओळख सांगायचे. "हा पांढरा खोंड. जिता होता तेव्हा मारका, मेल्यावर गरीब झाला." पोरं हसायची. भिंगरीची आई शेतातलं काम उरकून यायची आणि पाटी डोक्यावर घेताना आपसूक गुणगुणायची:

हाडं वेच गं बाई, काटे वेच गं माय,
आज्यानं जिथं ढोर ओढलं, तिथं उडू दे लेकीचे पाय.

माती बसली. चुन्याची रेघ ओढली. सकाळच्या उन्हात ती रेघ अशी दिसायची, जशी काळ्या पाटीवर लेकरानं काढलेली पहिली उभी रेष.

आणि मग भिंगरीनं चूक केली. म्हणाली, "उद्घाटनाला पुढाऱ्यांना बोलवू."

"कशाला?" आबांनी विचारलं.

"गावानं एकदा तरी इकडे तोंड करून बघू दे, आबा."

ज्यांच्याकडे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून चालले, त्यांनाच ही भूक कळेल. दुसरं कुणी हसेल या चुकीला.

पुढारी आले. वस्तीनं त्यांच्यासाठी नवेकोरे पेले आणले होते. त्यांनी गाडीतली पाण्याची बाटली मागवली. तरुणांचं सक्षमीकरण, सक्षमीकरण, असं इतकं बोलले की अखेर त्यांचीच जीभ अडखळली. बोलता बोलता डोळ्यांनी जमीन मोजत होते. पंधरवडा उलटला नाही तोच हाडकीला तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, फाटकावर पाटी आली: गावाचे क्रीडांगण. परवानगीशिवाय प्रवेश नाही.

भिंगरी त्यांच्या दारात गेली. दारात म्हणजे पायरीच्या खाली.

"साहेब, भरती तोंडावर आलीय. आम्हाला पळायला पाहिजे."

"या की. संध्याकाळी, आमची पोरं खेळून गेली की. विचारून यायचं मात्र."

"पण जागा आमची आहे."

"तुमची?" पुढारी गोड हसले. "अगं, गावात तुमचं-आमचं असं असतं का? सगळं गावाचं."

सडत होती तोवर आमची. गिधाडं बसत होती तोवर आमची. आमच्या पोरांच्या तळहातांचे फोड फुटून जमीन सपाट झाली आणि रातोरात ती सगळ्या गावाची झाली! असला न्याय करताना माणसाला झोप कशी लागते?

त्याच आठवड्यात पुढाऱ्याचा बैल मेला. उन्हाचे दिवस, दुपारपर्यंत पोट फुगलं. त्यांचा गडी वस्तीत आला आणि लांबूनच ओरडला, "मालकांनी सांगितलंय, बैल उचला."

पोरं उसळली. "आम्ही ते काम सोडून जमाना झाला! मालकाला म्हणावं, स्वतः उचल!"

"थांबा," भिंगरी म्हणाली. "मी विचारून येते."

बैलाभोवती वरची आळी नाकाला रुमाल लावून उभी होती. भिंगरीनं रुमाल लावला नाही.

"साहेब, उचलला तर टाकायचा कुठं?"

"कुठं म्हणजे? नेहमीच्या जागी. हाडकीत."

"मैदानात?"

"कोपऱ्याला घ्या एक खड्डा." पुढारी वैतागले. वास वाढत होता. "मला काय विचारतेस? तुमचीच जागा आहे ना ती!"

बोलून गेले आणि ओठ मिटले. पण शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

"आमचीच," भिंगरी म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मेलेल्या बैलासाठी आमची आणि जित्या पोरांसाठी गावाची, असं नाही चालणार. आमच्या जागेत आता ढोर पडणार नाही. तुमचा बैल आहे, तुमच्या शेतात पुरा."

"फार बोलायला लागलीस. तुझी आई कुणाच्या शेतात राबते, विसरू नकोस."

"विसरले असते तर आज इथं आलेच नसते."

ती वळली. चालत आली, पळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती हाडकीवर गेली. फाटकाचं कुलूप फोडलं. पाटी उपटून आबांच्या पायाशी ठेवली. आबांनी छपरातली सुरी सोबत आणली होती, पोरं दचकली. त्यांनी वाकून, जिथून पळायला सुरुवात करायची त्या रेघेपाशी जमीन उकरली आणि सुरी खोल पुरून वरून माती दाबली.

आईही आली होती. त्या सकाळी तिला कामाला बोलवायला कुणी आलं नव्हतं. पुढेही येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. भिंगरीची नजर तिच्या तोंडावरून हटेना.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "पुढं बघ."

वरच्या वाटेनं पुढाऱ्याचा मुलगा ट्रॅक्टरला दोर बांधून बैल ओढत आपल्या शेताकडे चालला होता. दोर बांधायची त्याला सवय नव्हती. बैल सारखा निसटत होता, आणि त्याला दर वेळी उतरून, श्वास कोंडून, स्वतःच्या हातांनी गाठ मारावी लागत होती. वस्तीतलं कुणी हसलं नाही. मान वळवली नाही. सगळे सरळ बघत राहिले.

भिंगरीनं चप्पल काढली. पाय रेघेला लावला.

आबा म्हणाले, "पळ, बाळ."