कोपऱ्यावरचे बाबा

ही गोष्ट घडली दोन हजार तेवीस साली, बोरिवली पश्चिमेला, बाभईच्या बाजूच्या एका गल्लीच्या तोंडाशी. शकुंतला तोरसकर, म्हणजे सगळ्यांची शकुकाकी, ते साल मरेपर्यंत विसरायची नाही. त्या साली तिनं आपल्या गेलेल्या नवऱ्याला भर रस्त्यात लोकांचे नमस्कार घेताना पाहिलं.

पण आधी त्या कोपऱ्याबद्दल सांगायला हवं.

गिरण्यांच्या संपानंतर शकु आणि तिचा नवरा चंदू लालबागची चाळ सोडून इथं आले, तेव्हा त्या कोपऱ्यावर विहीर होती. भोवती चिकूच्या वाड्या. कुणा पोरानं विहिरीत कागदाचा बोळा जरी टाकला, तरी चार घरच्या बायका पदर खोचून बाहेर यायच्या. पुढे विहीर बुजवली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, मग त्या इमारती पाडून त्याहून उंच इमारती आल्या. शेवटी कुंपणाच्या भिंतीला लागून उरला एक तिकोनी तुकडा. तो ना सोसायटीचा, ना कुणाच्या बापाचा. त्याच्या एका टोकाला गोराईची सरूबाई मासळीची पाटी घेऊन बसायची. विहीर होती तेव्हा तिथंच तिची आई बसायची. दुसऱ्या टोकाला जग कचरा टाकायचं.

काय नसायचं त्यात! शहाळी, डायपर, थर्माकोल, फाटक्या गाद्या. एकदा तर सकाळी आख्खा कमोड येऊन बसलेला.

"ये गो शकु, बस," सरूबाई पाटीवरचं फडकं काढत म्हणाली, "तुज्यासाठी खुर्ची मांडून ठेवलीय."

सरूबाईचा त्या ढिगाशी काडीचा संबंध नव्हता. खवलं, पोटातली घाण ती डब्यात भरून होडीनं परत न्यायची. पण वास मारायला लागला की लोकांना आधी कोळीण दिसते. सोसायटीच्या सभेत जान्हवी सामंतनं तोफ डागली. "मूळ त्या बाईत आहे. ती बसते म्हणून लोकांना वाटतं, इथं घाण केली तर चालते. वॉर्डात अर्ज देऊ. गाडी येईल आणि उचलेल तिला."

सरूबाईशी तिची मैत्री मुलाच्या, केतनच्या जन्माआधीची. ती उठून उभी राहिली. "अगो जान्हवी, सोमवार-गुरुवार सोडून तुझ्या घरात जी मासळी येते, ती कोणाकडची?"

"तो विषय वेगळा आहे काकी."

"बरं. कचराच हटला, तर अर्ज देणार नाय ना?"

"हटवून दाखवा," जान्हवी म्हणाली. "मग बसू दे तिला खुशाल."

शकुनं पदर खोचला. आधी 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी लावली. लोकांनी पिशव्या त्या पाटीच्याच खिळ्याला टांगल्या. मग ती सकाळी शिट्टी घेऊन उभी राहू लागली. लोक गाडीवरून जाता जाता, तिच्याकडे न बघता पिशवी भिरकवायचे. झाडूवाला भीमराज उचलून उचलून वैतागला होता. तो म्हणाला, "आजी, लोक पोलिसाला घाबरत नाहीत, तुमच्या शिट्टीला काय घाबरणार?"

"मग कोणाला घाबरतात रे?"

भीमराजनं झाडूच्या दांड्यानं आभाळाकडे बोट दाखवलं.

झालं! शकु त्याच दिवशी टाइल्सच्या दुकानात गेली. जिन्याच्या कोपऱ्यात लोक पान खाऊन थुंकू नयेत म्हणून लावतात, तसल्या देवांच्या टाइल्स तिनं आणल्या. गणपती, दत्त, येशू आणि मक्केचं चित्र. कुणाला सवलत नको. ढीग उचलून जागा धुतली, भिंतीवर चारही टाइल्स बसवल्या, खाली रांगोळी काढली. दुसऱ्या दिवशी कपटासुद्धा पडला नाही. तिसऱ्या दिवशी एक माणूस पिशवी घेऊन आला, टाइल्सकडे बघून थबकला, चप्पल काढून नमस्कार केला आणि पिशवी घेऊन पुढच्या गल्लीत गेला.

"झकास!" केतन म्हणाला. जान्हवीनंही सभेत सगळ्यांसमोर हार मानली. एकट्या सरूबाईनं बोंबील साफ करता करता मान वर केली नाही.

"देवाला बसवलंस खरा," ती म्हणाली, "पन उद्या उठवायचा झाला तर उठवशील कशी गो?"

"उठवायचा कशाला?" शकु हसली.

पुढच्याच आठवड्यात नणंद पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि शकु कुडाळला गेली. उन्हाळा तिकडेच सरला. परत आली तो गुरुवार होता, संध्याकाळ. गाडीला उशीर झाला म्हणून तिनं केतनला स्टेशनवर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. गल्ली खणून ठेवल्यामुळे रिक्षावाल्यानं तोंडाशीच सोडलं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आमसुलांची पिशवी. तिची नजर सवयीनं सरूबाईकडे गेली.

सरूबाई नव्हती. तिचा बसायचा दगड नव्हता. ती ज्या भिंतीला टेकायची, तिथं एक समई तेवत होती.

शकुनं नजर पलीकडे वळवली आणि जागच्या जागी थिजली. जिथून तिनं कचरा उचलला होता, तिथं तिच्या छातीएवढा ढीग उभा होता. सगळा देवांचा! काच फुटलेल्या लक्ष्म्या, हात तुटलेले कृष्ण, वाळवी लागलेले देव्हारे, जुनी कॅलेंडरं, गेल्या वर्षीचे प्लास्टरचे गणपती, सुकलेले हार, उदबत्त्यांची खोकी. घरात नको झालेला देव कचऱ्यात कसा टाकायचा, हा प्रश्न अख्ख्या बोरिवलीला पडलेला असतो. शकुनं त्या साऱ्यांना जागा करून दिली होती. घुशी त्या ढिगातून आरामात ये-जा करत होत्या, आणि उचलायची कुणाची छाती नव्हती.

ढिगापुढे आठ-दहा बायका टाळ्या वाजवत आरती म्हणत होत्या. पुढे जान्हवी, हातात तबक. मधोमध पाटावर एक मोठी तसबीर, तिला झेंडूचा हार, कपाळावर चंदन. पांढरी दाढी, खांद्यावर शाल, हातात नारळ, डोळे अर्धवट मिटलेले.

आमसुलांची पिशवी शकुच्या हातातून गळून पडली.

तो चंदू होता.

तिला वाटलं, प्रवासानं डोकं फिरलं. डोळे चोळून ती आणखी जवळ गेली. तोच. गावकरी मंडळानं साठीला सत्कार केला होता तेव्हाचा. आजारपणात दाढी करवत नसे म्हणून वाढलेली. डोळे मिटलेले, कारण फोटोवाल्यानं बटण दाबलं तेव्हाच बरोबर त्याला झोप आली होती.

"अगे, हो माझो घोव!" तिच्या तोंडून गावचीच भाषा फुटली. टाळ्या थांबल्या.

"काकी, कधी आलात?" जान्हवी लगबगीनं पुढे आली. "बसा, पाणी घ्या. प्रवास बाधलेला दिसतो."

"मला काय बाधलं नाय! हा चंद्रप्रकाश तोरसकर आहे. माझा नवरा. इथं कसा आला?"

"नवरा? काकी, हे बाबा आहेत. एका सकाळी आपोआप प्रकट झाले. नाव कुणालाच माहीत नाही, पण तेज बघा ना."

जान्हवीचं तरी काय चुकलं? नव्या इमारतीत ती राहायला आली, तेव्हा चंदू कधीचा जाऊन चुकला होता. टाळ्या वाजवणाऱ्या बाकीच्याही नव्याच.

"नारळ धरलाय तो हात बघ," शकु म्हणाली. "एक बोट अर्धं आहे. गिरणीत साच्यात गेलं त्याचं."

सगळ्या वाकल्या. बोट अर्धंच होतं.

"आम्हाला वाटलं, ती मुद्रा आहे," मागून एक बाई हळूच म्हणाली.

"आणि सरू कुठाय?"

जान्हवीनं तबक खाली ठेवलं. "तिला नाल्याच्या पुलाजवळ बसायला सांगितलं. अहो, बाबांच्या डोळ्यांसमोर मासळी कापायची म्हणजे..."

शकुला हसू की रडू कळेना. ज्या माणसानं मरणाच्या आदल्या दिवशी, नाकात नळी असताना, "सरूची कोळंबी आण गो," म्हणून हट्ट धरला होता, त्याला विटाळ नको म्हणून सरूला उठवलं होतं!

तेवढ्यात केतन आणि सून दीप्ती धावत आली. कुणीतरी फोन केला असावा. आईच्या नजरेला नजर न देता केतन म्हणाला, "आई, घरी चल. सांगतो."

"इथंच सांग."

"घराला रंग काढला. तुला सरप्राईज म्हणून. बाबांच्या फ्रेमला वाळवी लागली होती. मी फोटो नवीन करून घेतला, रंगीत, मोठा. कोट घातलाय कॉम्प्युटरवर."

"चंदूनं जन्मात कोट घातला नाय."

"जुना राहिला ना मग. घंटागाडीत कसा टाकू बाबांना? माझे हातच चालेनात. तूच ही जागा देवाची केलीस ना? म्हटलं, इथं कुणी अपमान करणार नाही. मी मागे, गणपतीच्या आड ठेवला होता. पुढे कुणी आणला माहीत नाही." "त्या दिवसापासून मी मागच्या गेटनं जातो."

पोरानं बापाला रस्त्यावर ठेवलं, आणि ठेवलं ते भक्तीनं ठेवलं. यावर बोलायचं काय? तिनं बॅग तिथंच टाकली आणि नाल्याच्या पुलाकडे निघाली.

सरूबाई पुलाच्या कठड्याला टेकून बसली होती. पाटी भरलेली, गिऱ्हाईक नाही. शकुला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"आता कशाला आलीस? तूच बसवलंस ना देव? आयची जागा गेली माजी."

"सरू, उठ. चंदू बसलाय तिथं."

"कोन चंदू?"

"माझा."

सरूबाईनं तिच्याकडे वर-खाली पाहिलं. म्हातारी चळली, असंच तिला वाटलं असणार. पण पाटी डोक्यावर घेऊन ती मागून आली. बायकांनी तिला तसबिरीजवळ कधी येऊच दिलं नव्हतं. तसबिरीपुढे उभी राहिली, डोळे बारीक केले, आणि एकदम कंबरेवर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता खालीच बसली. "अगो बाय! ह्यो तर चंदूभाव! याच्यासमोर मासली नको? ह्यो तर माजी पाटी होडीतून उतरायच्या आधी येऊन हुंगायचा!" मग तिला रडू कोसळलं. जान्हवीनं तबकातला दिवा स्वतःच फुंकला.

शकुनं तसबीर उचलून केतनच्या हातात दिली. "धर बापाला." मग ढिगाकडे वळली. "आता ज्याचा देव त्यानं घरी न्यायचा."

कुणी हलेना. प्रत्येकाच्या तोंडावर असा भाव, की हे देव परगावाहून आलेत.

"भीमराज, तू तरी?" तिनं गर्दीच्या मागे उभ्या झाडूवाल्याला विचारलं.

"माझी ड्युटी कचऱ्याची आहे आजी," भीमराजनं दोन्ही हात मागे नेले. "देवाला हात लावून उद्या काय झालं तर? मला पोरंबाळं आहेत."

"खाडीत सोडून देऊ," दीप्ती म्हणाली.

"खाडीत?" सरूबाई डोळे पुसून उठली. "आमच्या जाल्यात मासली कमी न् तुमचं देव जास्ती येतात. काचंनं पोरांचं हात फाटतात. खबरदार कोनी खाडीचा नाव घेतला तर!"

शकुनं ढिगातून पहिली तसबीर उचलली. मग दुसरी. काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद वेगळा. कागद बादलीत भिजवून त्याचा लगदा झाडांच्या मुळांशी घालायचा, असं तिनं जाहीर केलं. बाप काखेत धरूनच केतन वाकला. जरा वेळानं जान्हवी पुढे आली आणि एक तडा गेलेली लक्ष्मी पदराआड लपवून घेऊन गेली. ते सगळ्यांनी पाहिलं. मग एक एक करून हात पुढे आले. काहींनी आपलं ओळखलं, काहींनी शेजाऱ्याचं.

राहिल्या भिंतीवरच्या टाइल्स. सरूबाईनं मासळीचा कोयता पुढे केला. शकुनं तो घेतला नाही, एवढं भान तिला होतं. घरून उलथनं मागवलं. सिमेंट पक्कं होतं. बसवताना तिनंच गवंड्याला बजावलं होतं, निघता कामा नयेत म्हणून. त्या पूर्ण निघायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरूबाई आपल्या जागेवर बसली. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या टोकाला एक काळी पिशवी येऊन पडली होती. केतननं ती उचलली, उघडली, आतल्या कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता वाचला आणि त्या घरी नेऊन दिली. अजून तो तेच करतो. गल्लीत त्याला कुणी फारसं चहाला बोलावत नाही, पण पिशव्या पुष्कळ कमी झाल्या.

सरूबाई पुढे गुडघे धरेपर्यंत बसली. आता तिची सून हेमांगी बसते, तिच्याकडे फोनवरही मासळी मिळते. सरूबाई गोराईला दारात जाळी विणत असते, आणि शकु अधूनमधून होडीनं जाऊन तिच्याशी भांडून येते. भीमराजची बदली मुलुंडला झाली. जान्हवीनं अर्ज दिला नाही. सोमवार-गुरुवार सोडून रोज हेमांगीकडे येते, भाव कमी कर म्हणते. कोपऱ्यावर सोसायटीनं चिकूचं झाड लावलंय. लगदा त्यालाच घातला होता.

कोटातला चंदू केतनच्या खोलीत आहे. दाढीवाला पुन्हा हॉलमध्ये, नव्या चौकटीत. काचेवरचा चंदनाचा टिळा सुकून बसलाय. दीप्तीनं घासून पाहिला, निघाला नाही. शकुनं काही घासायला घेतलं नाही.

एकदा तिनं केतनला जवळ बसवून सांगितलं, "माझा फोटो लावू नको हां भिंतीवर. मी गेल्यावर."

"का गं?"

"पुढे तुमची पंचाईत होते. टाकताही येत नाय."

"आई, काहीतरीच काय," केतन म्हणाला आणि उठून कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेला. पुढच्या गेटनं.