भिंतीला सुटलेलं पाणी

नलिनीच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाडव्यानंतर ओल आली. आधी रंगाला फुगे आले, मग हात लावला की बोटं ओली होऊ लागली आणि देव्हाऱ्यामागे काळी बुरशी धरली. बाहेर ऊन रणरणत होतं, पावसाचा पत्ता नव्हता. पाऊस नाही म्हणजे पाणी वरून येतंय, आणि वरच्या आठव्या मजल्यावर राहते जया. नलिनीला यात शंका घ्यायला जागाच दिसली नाही.

शिवाय जयाची सवय तिला ठाऊक होती. घाटकोपरला भटवाडीत चाळ होती तेव्हा दोघींची दारं समोरासमोर. चाळ पाडून टॉवर झाला, दोघींना एकाखाली एक घरं मिळाली, पण जयाने मोरी काही सोडली नाही. मशीन असताना ती स्वयंपाकघराच्या गॅलरीत फतकल मारून कपडे धुवायची आणि वर चार बादल्या पाणी ओतायची. "जये, तुझ्या पाण्याने माझे देव भिजले गं," नलिनीने सांगितलं. जयाने मुकाट्याने गॅलरीची लादी फोडायला गवंडी बोलावला, आणि नलिनी मे महिन्याची म्हणून कणकवलीला निघून गेली.

परत आली तर भिंत होती तशीच ओली. तिने मुलाला, सुयोगला विचारलं, "काय म्हणाला रे गवंडी?"

"वरूनच येतंय म्हणाला," सुयोग मोबाइलमधून मान न काढता म्हणाला.

मग नलिनीचं डोकं फिरलं. ऑगस्टमध्ये सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काही जण टॉवरमध्ये आले, पण चाळ काही त्यांच्या अंगातून गेली नाही." लोक हसले. जयाने तिच्याकडे एकदा पाहिलं, पदर सावरला आणि उठून गेली. नलिनीला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. त्या वर्षी गौरीला वरून वाणाचं सूप आलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

दिवाळीच्या आधी सोसायटीने जिन्याच्या रंगकामाला राजारामला बोलावलं. जयाची लादी फोडली होती तो गवंडी हाच. नलिनीने त्याला भिंत खरवडायला घरात घेतलं, तर तो भिंतीकडे बघून हसला.

"वहिनी, अजून तसाच? ह्या पाणी वरसून येणा नाय."

"मग कुठून येतं?"

त्याने पलीकडे बोट दाखवलं. भिंतीच्या पलीकडे सुयोग आणि त्याची बायको रुचिरा यांची खोली. पाडव्याला तिथे नवा एसी लागला होता आणि त्याचा झोत थेट या भिंतीवर. भिंत पार गारठायची. अलीकडे कुकरची वाफ, मुंबईची दमट हवा, आणि नव्या कपाटांमागे गडप झालेली खिडकी. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, राजाराम म्हणाला, तेव्हा तांब्या फुटला असं कोणी म्हणतं का?

"जयावहिनींची लादी फोडली, तर खाली खडखडीत सुका. म्हणान मी तेव्हाच खाली इलंय. भिंतीक प्लास्टिक चिकटवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या बाहेरसून, आतसून नाय. सुयोगाक दाखवलंय. तेना तुमका सांगूक नाय?"

नलिनीला आधी राग आला नाही, लाज वाटली. मीटिंगमधलं ते हसणं तिच्या कानात पुन्हा ऐकू आलं. पोटच्या पोराने आपल्याला भर सभेत खोटं बोलायला लावलं होतं आणि आपण मात्र ताठ मानेने बोलत होतो.

संध्याकाळी सुयोग आला तसं तिने विचारलं. तो आधी चाचरला, मग म्हणाला, "यार आई, तू रोज एसीवरून बोलली असतीस. रुचिराला गरम सहन होत नाही. म्हटलं, रंग मारला की मिटेल."

एवढंच कारण. तीस वर्षांच्या सोबतीचं माणूस तुटलं, ते रोजची किटकिट नको म्हणून! नलिनीने त्याच्याशी वाद घातला नाही. चपला घातल्या आणि जिन्याने वर गेली.

जयाने दार उघडलं, पण ती दारातून हलली नाही. नलिनीने सगळं सांगितलं, रडत, अडखळत. जया ऐकून घेऊन म्हणाली, "मला मे महिन्यापासून माहीत आहे."

"मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?"

"तुझ्या पोराने हात जोडले म्हणून. म्हणाला, मावशी, आईला सगळं सांगितलंय, पण ती मानतच नाही, तुम्हालाच दोष देते. तुम्ही चारचौघांत काढू नका, घरात तमाशा होईल. कडेवर खेळवलेलं पोर ते. मी गप्प बसले. आणि तू माहीत असून माझी चाळ काढलीस, नलू."

"मला माहीत नव्हतं गं! आईशप्पथ!"

जयाचा विश्वास बसत नव्हता, आणि का बसावा? नलिनी जिन्याशी गेली आणि कठड्यावरून ओरडली, "सुयोग! वर ये!"

तो आला. दोघींना समोर बघून जिन्यातच थांबला.

"सांग मावशीला," नलिनी म्हणाली. "तू मला कधी सांगितलंस ते सांग."

सुयोगने जयाकडे पाहिलं, मग आईकडे. क्षणभर तिला वाटलं, आता हा खरं बोलणार. तो समजुतीच्या सुरात, अगदी मायेने म्हणाला, "आई, सांगितलं होतं ना मी तुला. गावाहून आलीस तेव्हाच. हल्ली विसरतेस तू. मावशी, हल्ली तिचं असंच होतं, मनाला लावून घेऊ नका."

भिंतीचं खोटं नलिनीने कसंबसं गिळलं असतं. पण हा पोरगा तिला जिवंतपणी वेड्यात काढत होता, तेही तिचा हात हळूच धरून. तिने हात हिसडून सोडवला.

जया दारातून बाहेर आली.

"हिला माझ्या लग्नात पंगतीला काय वाढलं होतं ते अजून पाठ आहे," ती सुयोगला म्हणाली. "आणि ही विसरते? लहानपणी खोटं बोलताना तू असाच गोड व्हायचास. हात जोडलेस तेव्हा मला ओळखता आलं नाही, माझीच चूक. जा तू खाली."

तो गेला. जयाने नलिनीला आत घेतलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. माफीबिफीचं दोघीही काही बोलल्या नाहीत. तासाभराने खालून रुचिराची हाक आली, आई, जेवायला येताय ना?

नलिनीने हाक नीट ऐकली, पण ती उठली नाही.

"जये," ती म्हणाली, "मी आज इथेच झोपते गं. मला त्या घरात भीती वाटते."